शुक्रवारी लक्ष्मी देत नाहीत

माझ्या नाकावर राग असतो हे आमच्या घरात सर्वमान्य आहे. सहावीच्या वर्गात मी जी बँक काढली, तीही रागाच्या भरातच काढली.

हैदराबादेत सुलतान बाजारच्या एका गल्लीत, कापडाच्या दुकानांच्या मागच्या अंगाला, आमची मराठी शाळा होती. मी तिथे गणित शिकवत असे. त्या दिवशी सरळव्याज चाललं होतं. मुद्दल, दर, मुदत, तिघांचा गुणाकार करा आणि शंभराने भागा. एकतीस पोरं माना खाली घालून पटापट उत्तरं काढत होती, आणि बरोबर काढत होती. मला कुठून बुद्धी झाली कोण जाणे, मी विचारलं की हे व्याज बँकेला मिळतं कुठून?

मग एकाने सांगितलं, सरकार छापून देतं. एक मुलगी म्हणाली, पैसे बंद करून ठेवले की वाढतात, तिच्या आईने पितळी डब्यात ठेवलेले वाढले होते. त्या डब्यात तिचे वडील गुपचूप भर घालत असणार, पण मी बोलले नाही. तिसऱ्याच्या मते बँकेत एक शेठ असतो, तो खिशातून देतो. दहा वर्षं मी सरळव्याज शिकवत होते आणि दहा वर्षं पालथ्या घड्यावर पाणी ओतत होते. राग पोरांचा नव्हता, माझाच मला आला.

तो काळच पैशाचा होता. देशाची दारं उघडली, असं पेपरात रोज येत होतं. गल्लीत केबलच्या तारा लोंबायला लागल्या होत्या आणि ऑटोंच्या पाठीवर फायनान्स कंपन्यांच्या जाहिराती होत्या. आमच्याकडे ठेवा, बघता बघता दुप्पट करून देतो. कापडाच्या दुकानातले मुनीमसुद्धा चहा पिताना शेअरच्या गोष्टी करायचे. आणि माझ्या वर्गाला व्याज कुठून येतं ते माहीत नव्हतं.

माझे यजमान अफझलगंजच्या एका बँकेत कॅशियर होते. या पोरांना एकदा तुमची बँक दाखवते म्हटल्यावर ते घाबरलेच. तिकडे आधीच व्यापारी पोत्याने चिल्लर आणून ओततात, त्यात तुझी माकडं नकोत, म्हणाले. पण जेवताना त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. तिजोरी कधी एका चावीने उघडत नाही. दोन चाव्या, दोन माणसांकडे. एकावर विश्वास नाही म्हणून नव्हे, तर पुढे कुणी एकाकडे बोट दाखवू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी घरातला बिस्किटांचा पत्र्याचा डबा शाळेत नेला. शाळेच्या शिपायाने त्याला कडी बसवून दिली, बारकं पितळी कुलूप लावलं, आणि आमची बँक उघडली. जुन्या वह्यांची कोरी पानं कापून पासबुकं केली, वर खाकी कागद. शिक्का म्हणून माझा ‘तपासले’चा रबरी शिक्का. डबा शिक्षकखोलीतल्या माझ्या कपाटात, कपाटाची चावी माझ्याकडे आणि डब्याची चावी मॅनेजरकडे.

मॅनेजर कोण, यावर मतदान घ्यायची गरज पडली नाही. वर्गात एक मुलगी होती, कुकटपल्लीहून दोन बस बदलून यायची. तिचे वडील तिकडच्या एका कारखान्यात फिटर होते. मूळचे बिदरकडचे शेतकरी, पोरीने मराठीत शिकावं म्हणून एवढ्या लांब पाठवत. रोज दोन कंडक्टरांशी सुट्ट्या पैशांवरून झगडून ती इतकी तयार झाली होती, की मूठभर नाणी हातात घेतली तर न मोजता आकडा सांगायची. बोलायची कमी. डबा कपाटात ठेवताना नेहमी त्याचं कुलूप भिंतीकडे करायची. मी विचारलं तर म्हणाली, कुलूप दिसलं की माणसाचा डोळा जातो.

मधल्या सुट्टीत बँक उघडायची. चार आणे, आठ आणे, क्वचित रुपया. एका पोराने दोन रुपयांचं नाणं भरलं, त्यावर त्याच्या बहिणीच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका होता. काढताना मला माझंच नाणं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. मी समजावलं, बँक नाणं सांभाळत नाही, रक्कम सांभाळते. त्याने मान हलवली आणि मॅनेजरला वेगळं बजावलं, "लाल वालं माझं हाय, ध्यानात ठेव."

दोन महिन्यांत डब्यात एकशे चौऱ्याहत्तर रुपये जमले. मग मी माझ्या मूळ प्रश्नाकडे वळले. शाळेच्या फाटकाशी एक म्हातारी तेलुगू बाई टोपली घेऊन बसायची. पेरूला आमच्याकडे जाम म्हणतात, म्हणून ती जामवाली अम्मा. रोज सकाळी ती मोंढ्यातल्या, म्हणजे घाऊक बाजारातल्या, सावकाराकडून नव्वद रुपये घ्यायची आणि संध्याकाळी शंभर फेडायची. हे पोरांना सांगितलं तेव्हा मॅनेजर पटकन म्हणाली, "बाई, मग ती दिवसभर त्याच्यासाठीच बसते की." जानेवारीतल्या एका सोमवारी वर्गाने हात वर करून कर्ज मंजूर केलं. अम्माला पन्नास रुपये, दर शनिवारी दहा रुपये परत आणि वर एक रुपया व्याज. अम्माने कागदावर अंगठा उठवला आणि डब्याला नमस्कार केला. पोरं पुढचे तीन-चार दिवस मोठ्या ऐटीत जाम खात होती. व्याज कुठून येतं ते त्यांना आता समोर दिसत होतं.

इथवर सगळं छान. पण तोवर सगळे पैसे भरतच होते, काढायला कुणी आलं नव्हतं. त्याच आठवड्यात नुमाईश लागली, हैदराबादचं दरवर्षीचं मोठं प्रदर्शन, आणि आमच्याकडे नुमाईश म्हणजे पोरांच्या खिशाला लागलेली आगच. शुक्रवारी मधल्या सुट्टीत लाल नाण्यावाला पोरगा पासबुक घेऊन आला. मला नेमकं मुख्याध्यापकांनी परीक्षेचे फॉर्म भरायला बोलावलं होतं. परत आले तेव्हा डबा बंद होता, मॅनेजर तो घेऊन कपाटाशी उभी होती. तिने डबा ठेवला, मी कपाट लावलं. काही झालं का, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

शाळा सुटल्यावर, ती बसला गेल्यावर, मला कळलं. तिने पैसे दिलेच नव्हते. शुक्रवारी लक्ष्मी घराबाहेर देत नाहीत, असं तिने त्या पोराला सांगितलं. तिच्या घरी शुक्रवारी शेजारणीला वाटीभर मीठसुद्धा उसनं देत नसत. भरायचे असतील तर भर, शुक्रवारी आलेली चांगली असते. काढायचे ते उद्या.

आता यात त्या पोराचीही चूक म्हणवत नाही. आठच दिवसांपूर्वी त्याचे वडील एका फायनान्स कंपनीच्या दारात दिवसभर उभे राहून आले होते. आधी म्हणे आज हिशेब चालू आहे, उद्या या. मग उद्या सुट्टी. मग शटरला कुलूप. पोराने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. तो वर्गाच्या दारात उभा राहून ओरडला, यांचंही तसंच, आज शुक्रवार, उद्या शटर. शाळा सुटेपर्यंत बातमीला पाय फुटले, फाटकापर्यंत जाईतो पंखही आले. चावी तिच्याकडेच असते. डबा हलका लागतो. ती कुकटपल्लीला नेते रोज थोडे थोडे. बसस्टॉपवर दोघा-तिघांनी तिला तोंडावर चोर म्हटलं, हेही मला नंतर कळलं.

संध्याकाळी मी यजमानांवर भडकले. दुसरं कुणी हाताशी नव्हतं. त्यांनी शांतपणे चहा संपवला आणि म्हणाले की अशी रांग त्यांनी पाहिली आहे. अशा वेळी भाषण करायचं नाही, डबा उघडून टेबलावर ठेवायचा आणि मागेल त्याला लगेच द्यायचं. मग खिशातून पन्नासाची नोट काढून म्हणाले, अम्माला दिलेले भरून टाक, कुणाला कमी पडायला नकोत. मी नोट परत त्यांच्या खिशात कोंबली. पैसे जाममध्ये आहेत हे वर्गाला माहीत होतं, आता लपवायचं कशाला?

शनिवारी सकाळची शाळा. मी मुद्दाम लवकर गेले, तर फाटकाशी चार पालक आधीच उभे. लाल नाण्यावाल्याचे वडील त्यांत होते, दाढी वाढलेली. मुख्याध्यापक व्हरांड्यात फेऱ्या घालत होते. तसे ते देवमाणूस, पण त्या दिवशी माझ्यावर उखडले. त्या शटरमागे त्यांचेही काही अडकले होते, हे कळायला मला पुढे बरेच महिने लागले. त्यांनी सांगितलं, मोजून ज्याचे त्याला द्या आणि हे खूळ बंद करा, आणि एक रुपयाही कमी निघाला तर त्या मुलीच्या वडिलांना मला बोलवावं लागेल.

मी शिक्षकखोलीत गेले. कुणी नव्हतं. कपाट उघडलं, डबा काढला, आणि कानाशी नेऊन हलवून पाहिला.

आज इतक्या वर्षांनी लिहितानाही लाज वाटते. दोन चाव्या दोघींकडे मी स्वतः ठेवल्या होत्या, पन्नास रुपये मी स्वतः मोजून दिले होते. तरी हलवला. आत नाणी खुळखुळली, पण मला तो आवाज थोडा वाटला. मी डबा घाईघाईने परत ठेवून कपाट लावलं.

प्रार्थनेला मॅनेजर आली नाही. पहिला तास गेला, दुसरा गेला. वर्गात कुजबुज, आणि माझं गणितात लक्ष नाही. फळ्यावर मी सात आठे चोपन्न लिहिलं आणि कुणी दुरुस्त केलं नाही.

मधल्या सुट्टीच्या घंटेआधी ती आली. बरोबर तिचे वडील, कारखान्याच्या निळ्या कपड्यांतच. सुट्टी काढून, पहिल्या पाळीवरून परस्पर आले होते. त्यांच्या हातात घडी घातलेला कागद होता, मुलीचा दाखला मागणारा अर्ज. आवाज न चढवता ते मुख्याध्यापकांना म्हणाले, "घराजवळ पण शाळा हाय, सर. मराठी नाही तर नाही. माझ्या लेकराला चोर म्हणतात तिथं मी तिला ठेवत नाही."

मला वाटलं, पाच मिनिटांत ही मुलगी माझ्या वर्गातून जाणार, आणि जन्मभर तिला वाटत राहणार की शाळेने तिला चोर ठरवून काढलं. मी त्यांना म्हटलं, अर्ज द्या, पण एक सुट्टीभर थांबा. ते दाराला टेकून उभे राहिले.

मी कपाट उघडलं, मुलीने डबा काढला. क्षणभर कपाटातल्या त्या जागेकडे बघत थांबली, मग डबा घेऊन वर्गात आली. माझ्या टेबलावर तिने तो सगळ्यांसमोर पालथा केला. "बाई, आधी तुम्ही मोजा," म्हणाली. मी मोजले. एकशे चोवीस. फळ्यावर लिहिलं, खाली अम्माचे पन्नास, बेरीज एकशे चौऱ्याहत्तर. मागे उभ्या पालकांपैकी कुणीतरी विचारलं, ते पन्नास कुठायत? फाटकाशी टोपलीत, मी म्हटलं.

मग रांग. सगळ्यात पुढे लाल नाण्यावाला. त्याचे सहा रुपये. मॅनेजरने ढिगातून त्याचं लाल नाणं शोधून काढलं आणि बाकीच्या चिल्लरीवर ठेवून त्याच्या हातात दिलं. शिक्का मारला, पुढचा. तिचे हात इतके भराभर चालत होते की पालकांची मान एकदा टेबलाकडे, एकदा पासबुकाकडे अशी हलत होती. पैसे मिळालेली पोरं ओरडत फाटकाकडे पळाली. मिळाले, मिळाले. आता मिळाले म्हटल्यावर जानेवारीत पोरं काय करणार? जाम घेतले. मीठ-तिखट लावून.

दहा-बारा जणांना दिल्यावर गंमत झाली. रांगेतल्या एका मुलीने विचारलं, म्हणजे मलापण मिळतील ना? मॅनेजरने मान डोलावली. मग राहू दे, म्हणाली ती, नुसती आठवण ठेव, आणि रांगेतून निघाली. तिच्यामागे आणखी सात-आठ गेले. माझे यजमान बरोबर होते, हे मी त्यांना बरेच दिवस सांगितलं नाही.

तरी शेवटी एकजण राहिलाच. वर्गातला सगळ्यात बुटका, सात रुपये, आणि त्याला ते पाहिजेच होते, आजच. डब्यात एक रुपया आणि चार आणे. मुख्याध्यापक दारात, मुलीचे वडील दारात. वडिलांनी तो अर्जाचा कागद दुसऱ्या हातात घेतला.

मॅनेजर त्या बुटक्याला म्हणाली, "थांब. आज शनिवार हाय."

मला आधी कळलंच नाही. ती व्हरांड्याकडे बघत होती. तिकडून अम्मा येत होती, डोक्यावर रिकामी टोपली. तिची टोपली दुपारी बाराच्या आत कधी रिकामी झाली नव्हती. पदराच्या गाठीतून तिने चिल्लर सोडली, टेबलावर ठेवली आणि सांगितलं की आज तुमच्या पोरांनी लुटलं मला, हा घ्या हप्ता. मॅनेजरने मोजले. दहा आणि एक. अम्माच्या कागदावर लिहिलं, शिक्का मारला, आणि त्यातले सात रुपये बुटक्याच्या ओंजळीत टाकले.

त्या सातांत लाल ठिपक्याचं नाणं होतं.

लाल नाण्यावाला तोंडात जाम घेऊन शेजारीच उभा होता. त्याने ते पाहिलं आणि हात पुढे केला. "हे माझं हाय. माझं नाणं."

"तुझं कसं?" मॅनेजर म्हणाली. "तू जाम खाल्लास ना?"

पोराने हातातल्या अर्ध्या जामकडे पाहिलं. मग अम्माकडे, मग डब्याकडे. सगळं फिरून परत कसं आलं, ते त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटत गेलं. त्याचे वडील मागे हसायला लागले. आठ दिवसांत माणूस हसला नसावा. ते पुढे आले आणि मुलीच्या वडिलांना म्हणाले की पोरगं लहान आहे, त्याच्या तोंडून चुकीचं गेलं, मनावर घेऊ नका. मुलीच्या वडिलांनी अर्जाची आणखी एक घडी घातली आणि तो खिशात टाकला. पाळी बुडाली, आता निदान जाम खाऊ द्या म्हणाले, पण जाम संपले होते.

मुख्याध्यापकांनी बँक बंद करायचा विषय परत काढला नाही. मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून टाकलं, शुक्रवारी पैसे भरता येतील, काढता येणार नाहीत. सरकारी बँकांना इतक्या सुट्ट्या असतात, आमच्या बँकेला एक अर्धी का नसावी?

सगळे पांगल्यावर माझ्या ध्यानात आलं की मॅनेजरने स्वतःचे पैसे काढलेच नव्हते. तिचे बावीस रुपये, वर्गात सगळ्यात जास्त. मी विचारलं, तू का नाही काढलेस? तिला प्रश्नच विचित्र वाटला. "मीच रांगेत उभी राहिली तर बाकीचे काय समजतील, बाई?"

शिक्षकखोलीत आम्ही दोघीच होतो. वडील फाटकाशी थांबले होते. मला ते पोटात ठेववेना. मी म्हटलं, "सकाळी मी तुझा डबा हलवून पाहिला."

"माहीत हाय मला," ती म्हणाली. "कुलूप दाराकडं होतं."

चुकलं माझं, एवढं म्हणाले. तिने डब्याची चावी फ्रॉकच्या खिशातून काढून माझ्यापुढे धरली, आता तुम्हीच ठेवता का, म्हणून. मी तिची मूठ मिटवली. दोन चाव्या, दोन माणसांकडे, म्हटलं.

तिने डबा कपाटात ठेवला, कुलूप भिंतीकडे. मी कपाट लावलं, चावी फिरवली. मग तिने पुढे होऊन कपाटाची मूठ एकदा ओढून पाहिली, नीट लागलं की नाही ते. आणि मला मुळीच राग आला नाही.